व्हिसा अडला तो बँक स्टेटमेंटवर

परदेशातल्या कॉन्फरन्ससाठी पेपर अ‍ॅक्सेप्ट झाल्याचा मेल आला की आधी पासपोर्ट काढून बघा. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, तो मागच्या १० वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर ३ महिने तरी चालणारा हवा आणि २ पानं कोरी हवीत. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. नेहमीची फी ९० युरो, ती नकार आला तरी परत मिळत नाही. हे तुम्हाला माहीत असेलच, मलाही होतं, तरी माझा पहिला व्हिसा रिजेक्ट झाला.

कशामुळे ते नीट सांगते. पुण्यात पीएचडी चालू, फेलोशिप ७ महिने थकलेली, खात्यात जेमतेम १८ हजार, आणि ट्रॅव्हल ग्रँट मंजूर होती पण ती जाऊन आल्यावर बिलं दिली की मिळणार. पप्पांनी सोयाबीन विकलं आणि अपॉइंटमेंटच्या ५ दिवस आधी माझ्या खात्यात १ लाख ८० हजार टाकले. मला वाटलं, झालं काम. पण व्हिसावाले नुसता शेवटचा आकडा बघत नाहीत हो, पैसे आले कुठून ते बघतात! महिनोन्महिने १५-२० हजारांत असलेलं खातं एकदम दोन लाखांच्या घरात गेलं आणि सोबत खुलाशाची एक ओळ नाही, मग कुणालाही ते दाखवण्यापुरते उसने आणलेलेच वाटणार. नकाराच्या कागदावर छापील कारणं असतात, माझ्या कागदावर दोन चौकोनांत खूण होती: खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा नाही, आणि मुदतीत परत जाल याबद्दल शंका आहे. कॉन्फरन्सला ९ दिवस उरले होते. आडत्याची पट्टी, म्हणजे सोयाबीन विकल्याची पावती, घरी कपाटात होती, मी ती जोडलीच नव्हती. नकाराचा कागद हातात घेऊन मी खूप रडले.

पुढच्या वर्षी पैसे माझ्या खात्यात फिरवलेच नाहीत. पप्पांचं स्पॉन्सरशिपचं पत्र, त्यांचं ६ महिन्यांचं स्टेटमेंट, सातबारा, आडतीच्या पट्ट्या, सगळं इंग्रजी भाषांतरासकट लावलं. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नसतो म्हणून त्यांचा आयटीआर (इन्कम टॅक्स रिटर्न) नाही, हे कव्हर लेटरमध्ये सरळ लिहिलं. ग्रँटचं मंजुरीपत्र जोडलं, आणि संस्थेच्या एनओसीवर, म्हणजे ना-हरकत पत्रावर, मी कोणत्या तारखेला परत रुजू होणार ते घालून घेतलं. एनओसीच्या सहीला पंधरा दिवस लावणारे गाईड असतील तर त्यांच्या केबिनबाहेर रोज उभे राहा, लाजू नका. मागचा नकारही लपवला नाही. व्हिसा आला.

खोटं तिकीट बनवून देणाऱ्या एजंटच्या नादाला अजिबात लागू नका. फ्री कॅन्सलेशनचं हॉटेल मिळतं, ते खरं बुकिंग असतं. आणि एक नकार आला म्हणून सगळं संपत नाही, लगेच नव्याने अर्ज करता येतो. मात्र यूकेच्या फॉर्मात दुसऱ्या देशाच्या आधीच्या नकाराबद्दलही विचारतात, तिथे खरं तेच लिहा.

व्हिसा मिळाला म्हणजे आत सोडतीलच असं नाही, त्यामुळे फाइल चेक-इन बॅगेत टाकू नका, हातात ठेवा. व्हिएन्नाला उतरल्यावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, कशासाठी आलात, किती दिवस, खर्च कोण करतंय. मी इन्व्हिटेशन, परतीचं तिकीट आणि पप्पांचं पत्र पुढे केलं. त्यांनी पत्राखालची सही बघितली आणि पासपोर्ट परत दिला.