हेडलाइट पिवळी पडली? टूथपेस्टवर थांबू नका

हेडलाइटची ‘काच’ पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते. उन्हाने तिच्यावरचा यूव्ही थर (अतिनील किरण अडवणारा लेप) पिवळा पडून सुटतो. टूथपेस्टने चकाकी येते, पण नवा थर बसत नाही. थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न.

आधी शाम्पूने धुवा आणि भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. मग ८०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा सँडपेपर), पाणी सतत शिंपडत, आडवा चालवा. सुरुवातीला पिवळसर पाणी निघेल. ते पांढरं होईपर्यंत घासा. घाई होते ती इथेच. जुन्या थराचा तुकडा राहिला, तर शेवटी डाग उठून दिसतो. पुढे १५०० उभा, २००० आडवा: दिशा बदलली की आधीचे ओरखडे गेले का ते कळतं. लाइट एकसारखी दुधाळ दिसली की घासणं थांबवा.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि सावलीत यूव्ही क्लिअर कोटचे (नव्या पारदर्शक संरक्षक थराचे) दोन-तीन पातळ हात मारा. जाड हात ओघळतो. नुसतं पॉलिश-वॅक्स फार टिकत नाही.

आतून बाष्प धरलं असेल, तर मात्र घासून उपयोग नाही, सील तपासा.