ऑडिटवाल्यांना बकेट मुदतीपुरतीच कशी उघडून द्यावी: गूगल क्लाउडच्या एपीआयने ॲक्सेस देणं आणि काढणं

नाशिकच्या आमच्या छोट्या कंपनीत क्लाउडचं सगळं माझ्याकडे असतं. पावसाळा लागला की सीएंच्या ऑफिसातून फोन येतो: टॅक्स ऑडिट सुरू करतोय, आर्टिकलशिपची मुलं पाठवतोय, त्यांना वर्षाची बिलं बघायला द्या. बिलं गूगल क्लाउडच्या मुंबई रीजनमधल्या एका बकेटमध्ये, म्हणजे फाइली ठेवायच्या क्लाउडवरच्या कप्प्यात, पीडीएफच्या रूपात असतात. कन्सोल (गूगल क्लाउडचं वेबपान) उघडून चार क्लिकमध्ये ॲक्सेस देता येतो, हे खरं. पण मी तो एपीआयनेच, म्हणजे ठरलेल्या साच्यातली विनंती थेट गूगल क्लाउडला पाठवून, देते. ॲक्सेस द्यायला सगळ्यांना आठवतं, काढायला कोणालाच आठवत नाही. म्हणून देतानाच तो अशा पद्धतीने द्यायचा की काढणं सोपं जाईल. कोणाला, कशावर आणि कधीपर्यंत हे तिन्ही एका फाइलीत लिहिलेलं असलं की पुढच्या वर्षी तारीख बदलून तीच फाइल चालते, आणि मी सुटीवर असले तरी सहकाऱ्याला सगळं समजतं.

हेच एक काम अथपासून इतिपर्यंत सांगते. नावं आणि आकडे इथे देवनागरीत लिहिलेत; फाइलीत ते अर्थातच रोमन लिपीत जातात.

रोल कोणता आणि कुठे

गूगल क्लाउडमध्ये परवानगी माणसाला सुटी मिळत नाही, रोलमधून मिळते. एक रोल आणि तो ज्यांना दिलाय ते मेंबर, या जोडीला बाइंडिंग म्हणतात. अशा सगळ्या बाइंडिंगची यादी म्हणजे त्या रिसोर्सची पॉलिसी. पॉलिसी ऑर्गनायझेशन, फोल्डर, प्रोजेक्ट आणि बकेटसारखा प्रत्यक्ष रिसोर्स, अशा प्रत्येक पातळीवर असते आणि वरची खाली उतरते. बेरीज होते, वजाबाकी होत नाही. प्रोजेक्टवर एखाद्याला व्ह्यूअर देऊन ठेवला असेल तर बकेटच्या पॉलिसीतून त्याचं नाव खोडून त्याचा प्रोजेक्टवरचा रोल हलत नाही.

म्हणून ऑडिटच्या मुलांना प्रोजेक्टवर काहीही द्यायचं नाही. ओनर, एडिटर, व्ह्यूअर हे तीन मूळ रोल तर अशा कामाला कधीच वापरू नयेत. त्यांचा पसारा सगळ्या सेवांवर पसरलेला असतो. आपल्याला लागतो तो स्टोरेज ऑब्जेक्ट व्ह्यूअर, आणि तोही फक्त त्या एका बकेटवर. या रोलने फाइलींची यादी दिसते आणि फाइल उतरवता येते. बदलता किंवा पुसता येत नाही. मात्र प्रोजेक्टमधल्या बकेटांची यादीही त्याने दिसत नाही, त्यामुळे पहिला फोन हमखास येतो, "मॅडम, आम्हाला काहीच दिसत नाहीये." त्यांना बकेटचं पूर्ण नाव आधीच लिहून द्या आणि जीक्लाउडच्या (टर्मिनलमधून गूगल क्लाउड चालवायच्या साधनाच्या) कमांडला तेच नाव थेट द्यायला सांगा.

मेंबर म्हणून मुलांचे ईमेल एकेक करून टाकू नका. आपल्या डोमेनमध्ये एक ग्रुप करा, समजा ऑडिट-वाचक, आणि रोल त्या ग्रुपला द्या. आर्टिकल मुलं ऑडिटच्या मध्येच बदलतात. ग्रुपमध्ये एक नाव कमी-जास्त केलं की झालं, पॉलिसीला हात लावावा लागत नाही. दुसरंही कारण आहे. मे २०२४ पासून बनलेल्या नव्या ऑर्गनायझेशनना डोमेनबाहेरच्या खात्यांना रोल देण्यावर आपोआप बंदी असते. सीएंच्या ऑफिसातली मुलं जीमेल वापरत असतील तर थेट दिलेला रोल तिथेच नाकारला जातो. आपल्या डोमेनमधल्या ग्रुपला मात्र रोल देता येतो, त्यात बाहेरची माणसं असली तरी.

आधी वाचायचं, मग लिहायचं

इथे सावकाश वाचा, कारण सगळी जोखीम या टप्प्यात आहे.

एपीआयमध्ये "या माणसाला हा रोल दे" अशी सुटी विनंती नसते. असतात त्या दोनच: गेट-आयएएम-पॉलिसी आणि सेट-आयएएम-पॉलिसी (आयएएम म्हणजे गूगल क्लाउडचा परवानग्या सांभाळणारा भाग). पहिली अख्खी पॉलिसी वाचून देते, दुसरी अख्खी पॉलिसी लिहिते. म्हणजे तुम्ही फक्त ऑडिटचं बाइंडिंग असलेली फाइल पाठवलीत तर बाकीची सगळी बाइंडिंग गेली. ज्या सर्व्हिस अकाउंटने (माणसाच्या नव्हे, प्रोग्रामच्या खात्याने) रोज रात्री बिलं बकेटमध्ये चढतात त्याचाही रोल गेला. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: वाचायचं, वाचलेल्यात भर घालायची, सगळं परत लिहायचं.

विनंती कोणाच्या नावाने करायची? माझ्याकडे या कामापुरतं वेगळं सर्व्हिस अकाउंट आहे, त्याला त्या बकेटवर स्टोरेज ॲडमिन आहे. त्याची की-फाइल, म्हणजे त्या खात्याची चावी असलेली फाइल, मी कधीच उतरवत नाही. लॅपटॉपवर पडून राहिलेली की-फाइल कोणाच्याही हाती लागू शकते आणि तिची मुदत आपोआप संपेलच असं नाही. त्याऐवजी स्वतःच्या खात्याला त्या सर्व्हिस अकाउंटवर टोकन क्रिएटर हा रोल घेऊन तात्पुरतं टोकन (विनंतीसोबत द्यायचा ओळखीचा पास) काढते. ते तासाभरात संपतं.

बकेटची पॉलिसी वाचायला स्टोरेज एपीआयच्या पत्त्यावर बकेटच्या नावापुढे आयएएम लावून गेट विनंती करायची आणि सोबत ऑप्शन्स-रिक्वेस्टेड-पॉलिसी-व्हर्जन ही किंमत ३ द्यायची. हे ३ विसरू नका. आपण रोलला मुदत घालणार आहोत, म्हणजे कंडिशन, आणि कंडिशन फक्त व्हर्जन ३ मध्ये दिसतात. ३ मागितलं नाही तर कंडिशन असलेल्या बाइंडिंगमधून कंडिशनच गायब होते आणि रोलच्या नावाला अंडरस्कोर-विथकाँड-अंडरस्कोर आणि पुढे आकडे-अक्षरांची शेपटी लागते. वाचलेल्या फाइलीत ती शेपटी दिसली की तिथेच थांबा. ती फाइल परत लिहायची नाही, पुन्हा नीट वाचायची.

आलेल्या उत्तरात इटॅग नावाची एक छोटी खूण असते. पॉलिसी बदलली की ती बदलते. लिहिताना तीच खूण परत पाठवायची. मधल्या वेळात दुसऱ्या कोणी पॉलिसी बदलली असेल तर खुणा जुळत नाहीत आणि तुमचं लिहिणं नाकारलं जातं. प्रोजेक्टच्या पॉलिसीवर हे झालं तर ४०९ क्रमांकाची चूक येते आणि वाचण्यापासून सगळं पुन्हा करा असा निरोप असतो. तो शब्दशः पाळा. नुसती लिहिण्याची विनंती पुन्हा पाठवून उपयोग नाही, कारण तुमच्या हातातली प्रत शिळी झालेली असते. आणि इटॅग काढून टाकला तर लिहिलं जाईल म्हणून तो काढणारेही मी पाहिले आहेत. खरंच लिहिलं जातं. दुसऱ्याने नुकताच केलेला बदल पुसून लिहिलं जातं. वर इटॅग नसताना व्हर्जन ३ ची पॉलिसी व्हर्जन १ ने झाकलीही जाऊ शकते, मग पॉलिसीतल्या सगळ्या कंडिशन उडतात.

पहिल्यांदाच बकेटची पॉलिसी वाचत असाल तर प्रोजेक्ट-एडिटर, प्रोजेक्ट-व्ह्यूअर अशा मेंबरांची, लेगसी नावाच्या रोलची बाइंडिंग दिसतील. ती बकेट बनतानाच आलेली असतात. आज त्यांना हात लावू नका.

मुदत

वाचलेल्या यादीच्या शेवटी हे बाइंडिंग जोडायचं:

रोल: रोल्स/स्टोरेज.ऑब्जेक्टव्ह्यूअर
मेंबर्स: ग्रुप:ऑडिट-वाचक आणि पुढे आपलं डोमेन
कंडिशन, टायटल: टॅक्स ऑडिट ३० सप्टेंबरपर्यंत
कंडिशन, एक्स्प्रेशन: रिक्वेस्ट.टाइम < टाइमस्टॅम्प("२०२६-०९-३०टी१८:३०:००झेड")

पॉलिसीचं व्हर्जन ३ करायचं, इटॅग जसा आला तसा ठेवायचा आणि त्याच पत्त्यावर पुट विनंतीने पाठवायचं.

वेळ १८:३० का, हे नीट बघा. शेवटचं झेड म्हणजे वेळ यूटीसीतली (जागतिक प्रमाणवेळेतली) आहे, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. ३० सप्टेंबरच्या रात्री आपल्याकडे बारा वाजतात तेव्हा तिथे १८:३० झालेले असतात. तिथे २३:५९ लिहिलंत तर बकेट १ ऑक्टोबरच्या पहाटे साडेपाचपर्यंत उघडी राहते. उलट ३० तारखेचे शून्य वाजून शून्य लिहिलंत तर मुलांचा ॲक्सेस ऐन शेवटच्या दिवशी पहाटे साडेपाचलाच बंद होतो, आणि त्या दिवशी सीएंच्या ऑफिसात काय धांदल असते हे तिथे काम केलेल्यांना विचारा.

बकेटवर कंडिशन चालायला युनिफॉर्म बकेट-लेव्हल ॲक्सेस, म्हणजे परवानगी फाइलीवार न देता रोलमधूनच देण्याची सोय, चालू असावा लागतो. जुनी बकेट असेल तर तो चालू करण्याआधी फाइलीवार दिलेल्या जुन्या परवानग्या कोण वापरतंय ते तपासा, कारण त्या लगेच निकामी होतात. तो ९० दिवस चालू राहिला की मग परत बंद करता येत नाही.

लागला का?

लिहिल्यानंतर लगेच तपासून "चालत नाही" असं ठरवू नका. पॉलिसीतला बदल साधारण २ मिनिटांत लागतो, कधी ७ किंवा जास्तही. ग्रुपमध्ये नवं नाव घातलं असेल तर त्याहून उशीर होऊ शकतो, काही वेळा तास जातात. म्हणून मी मुलांची नावं आदल्या दिवशीच ग्रुपमध्ये टाकून ठेवते.

तपासायला टेस्ट-आयएएम-परमिशन्स ही विनंती पुष्कळ जण वापरतात, पण ती विचारणाऱ्याबद्दलच उत्तर देते. तुम्ही तुमच्या खात्याने विचारलंत तर तुमच्या परवानग्या कळतील, आर्टिकल मुलाच्या नाही. दुसऱ्याचं पाहायचं तर पॉलिसी ट्रबलशूटर आहे, त्याचाही एपीआय आहे: खात्याचा ईमेल, रिसोर्सचं पूर्ण नाव आणि परवानगी द्या. ती परवानगी मिळते की नाही आणि कुठल्या बाइंडिंगमुळे, हे तो सांगतो. बिलं वाचण्यासाठी स्टोरेज.ऑब्जेक्ट्स.गेट विचारा. मग मुद्दाम स्टोरेज.ऑब्जेक्ट्स.डिलीटही विचारा, तिथे नकार यायला हवा. होकार आला तर त्या माणसाला वरच्या पातळीवरून काहीतरी मिळालंय. ते आधी शोधा.

काढताना

मुदत संपली की ॲक्सेस थांबतो, पण बाइंडिंग पॉलिसीत तसंच पडून राहतं. ते आपोआप जात नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा वाचा, ते बाइंडिंग काढा, इटॅगसह लिहा.

टॅक्स ऑडिटच्या तारखेला सरकार अनेकदा मुदतवाढ देतं. तेव्हा नवं बाइंडिंग घालून मोकळं व्हायची घाई करू नका. रोल तोच पण कंडिशन वेगळी असेल तर ते वेगळं बाइंडिंग धरलं जातं, म्हणजे जुनंही राहतं आणि नवंही. जुन्यातलीच तारीख बदला, टायटलमधलीही.

आणि मुदतीआधी तातडीने काढायचं असेल, समजा एका मुलाचा लॅपटॉप चोरीला गेला, तर ग्रुपमधून नाव काढण्यावर विसंबू नका. वर सांगितलेला उशीर इथेही लागतो. बकेटच्या पॉलिसीतून ग्रुपचं बाइंडिंगच काढा. बाकीच्या मुलांचं काम थोडं थांबेल, थांबू दे. परवानगी दर विनंतीला तपासली जाते, त्यामुळे त्याच्याकडचं टोकन अजून जिवंत असलं तरी बदल लागल्यावर फाइल मिळत नाही. एकाच माणसाला अडवायचं असेल तर प्रोजेक्टवर डिनाय पॉलिसी लावता येते. ती रोलच्या आधी तपासली जाते, म्हणून रोल कुठूनही आलेला असला तरी अडतो.

टेराफॉर्म (क्लाउडची मांडणी फाइलीत लिहून लावायचं साधन) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: बकेट-आयएएम-पॉलिसी अख्खी पॉलिसी ताब्यात घेते, बकेट-आयएएम-बाइंडिंग त्या रोलचे सगळे मेंबर ताब्यात घेते, आणि बकेट-आयएएम-मेंबर फक्त एक मेंबर जोडतं. अशा तात्पुरत्या कामाला शेवटचंच वापरा.

कोणी काय केलं याची नोंद

पॉलिसीतला प्रत्येक बदल ॲडमिन ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये जातो. तो बंद करता येत नाही आणि ४०० दिवस राहतो. बकेटसाठी मेथडचं नाव स्टोरेज.सेट-आयएएम-परमिशन्स असं शोधा. कुठलं बाइंडिंग घातलं आणि कुठलं काढलं हे नोंदीत ॲड आणि रिमूव्ह या शब्दांनी दिसतं.

पण कोणत्या मुलाने कोणतं बिल उघडलं, हे त्यात नसतं. ते डेटा ॲक्सेस लॉगमध्ये येतं, आणि स्टोरेजसाठी तो मुळात बंद असतो. ऑडिट संपल्यावर आठवण झाली तर मागचं काहीच मिळणार नाही, म्हणून तो ग्रुपला रोल देण्याआधी चालू करा. तो चालू करायची जागा म्हणजे प्रोजेक्टच्या पॉलिसीतलाच ऑडिट-कॉन्फिग्ज हा भाग, त्यात स्टोरेज सेवेसाठी डेटा-रीड. लिहिताना विनंतीत अपडेट-मास्क (पॉलिसीचे कोणते भाग लिहायचे त्यांची यादी) द्यायला हवा आणि त्यात ऑडिट-कॉन्फिग्जचं नाव हवं. मास्क दिला नाही तर एपीआय फक्त बाइंडिंग्ज आणि इटॅग एवढेच भाग घेतो, ऑडिट-कॉन्फिग्ज सोडून देतो. त्यामुळे लिहून झाल्यावर पॉलिसी पुन्हा एकदा वाचा आणि तो भाग खरंच आलाय ना हे डोळ्यांनी बघा. मगच ग्रुपचं बाइंडिंग घाला.