आवाज वाढवला की गाडीतले स्पीकर फाटतात? असा शोधा दोष

हळू आवाजात गाणं छान वाजतं, पण व्हॉल्यूम जरा वर नेला की गायकाचा आवाज चिरकतो आणि ढोलाचा नुसता भद्द भद्द आवाज येतो. स्पीकर गेला असं समजून बरेच जण लगेच नवा बसवतात आणि तोही तसाच वाजायला लागतो. म्हणून काहीही विकत घेण्याआधी आवाज नेमका कुठे फाटतोय ते शोधा. एक साधा मल्टीमीटर आणि तासभर वेळ एवढं पुरतं.

सुरुवात सेटिंगपासून करा. डेकवरचे (गाडीतल्या म्युझिक सिस्टिमवरचे) बेस, ट्रेबल, इक्वलायझर शून्यावर आणा, लाउडनेस आणि बेस बूस्ट बंद करा. मोबाइलमधला इक्वलायझरही विसरू नका. बेस 6 डेसिबलने वाढवला की अ‍ॅम्प्लिफायरकडे चौपट ताकद मागितली जाते, आणि तेवढी त्याच्याकडे बहुधा नसते. डेकवर ‘50 वॉट × 4’ छापलेलं असलं तरी तो कमाल आकडा आहे. डेकमधला अ‍ॅम्प सलग देतो ते प्रत्येक चॅनलला साधारण 15 ते 20 वॉट. त्यापुढे ताणलं की ध्वनिलहरीचे शेंडे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि फार वेळ चाललं तर ट्विटरची, म्हणजे बारीक, उंच आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरची, कॉइल (आतली तारेची गुंडाळी) जळू शकते.

आता बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढचा-मागचा) फिरवून एकेक स्पीकर वेगळा ऐका. सगळेच फाटत असतील तर दोष डेक, अ‍ॅम्प किंवा वीजपुरवठ्यात. एकच फाटत असेल तर तोच स्पीकर, त्याची वायर किंवा ते दार तपासा. गाणं चालू असताना दाराच्या पॅनेलवर तळहात दाबून धरा. खरखर थांबली तर पॅनेल नाहीतर त्याची क्लिप सैल आहे. माझ्या गाडीत मी दोन दिवस डेकला दोष देत होतो. शेवटी पॅनेल उघडलं तर एक सुटी वायर स्पीकरच्या कोनला (पुढच्या हलणाऱ्या पडद्याला) टेकून थरथरत होती. फोमची पट्टी गुंडाळून ती बांधली आणि खरखर गेली.

स्पीकर बाहेर काढलाच आहे तर सिस्टिम बंद करून कोन दोन्ही हातांच्या बोटांनी, चारी बाजूंनी सारखा दाब देत हलकेच आत ढकला. बोटांना खरखरीत घासल्यासारखं जाणवलं किंवा जळका वास आला तर कॉइल गेली. असा स्पीकर बदलावाच लागतो. कडेचा रबर फाटलाय का तेही पाहा. वायर सोडवून मोजल्यावर 4 ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण 3 ते 3.8 ओहम दाखवतो.

स्पीकर ठणठणीत असेल तर डेकमधला हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक पातळीखालचा बेस अडवणारी सेटिंग, 80 हर्ट्झवर लावा. दारातल्या छोट्या कोनला खोल बेस झेपत नाही, आणि एवढ्या एका सेटिंगनेही खूप फरक पडतो.

वेगळा अ‍ॅम्प बसवलेला असेल तर सर्वात जास्त चूक गेनमध्ये होते. गेन म्हणजे दुसरं व्हॉल्यूम बटण नव्हे. डेकचा सिग्नल अ‍ॅम्पला झेपेल इतका जुळवून घेणं, एवढंच त्याचं काम. तो असा लावा. गेन पूर्ण खाली आणा, अ‍ॅम्पवरून स्पीकरच्या वायर काढा आणि त्या एकमेकींना टेकू देऊ नका. डेकचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशावर ठेवून 1000 हर्ट्झचा, 0 डेसिबलचा टेस्ट टोन लावा. सबवूफरसाठी (फक्त खोल बेसच्या मोठ्या स्पीकरसाठी) 50 हर्ट्झचा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा. किती व्होल्ट हवेत? आरएमएस वॉट (कमाल नव्हे, सलग मिळणारी ताकद) आणि ओहम यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. 50 वॉट आणि 4 ओहम असेल तर गुणाकार 200, म्हणजे 14.1 व्होल्ट. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यापैकी ज्याचे आरएमएस वॉट कमी, तेच धरा. गेन सावकाश वाढवत त्या आकड्यावर आला की थांबा.

तरीही बेसच्या ठोक्याला आवाज फाटत असेल, हेडलाइट मंदावत असतील, तर वीज कमी पडतेय. इंजिन चालू असताना बॅटरीवर बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळतात. मोठ्या आवाजात गाणं चालू ठेवून बॅटरीवर आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली निगेटिव्ह वायर, कच्चं आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अर्थिंगच्या जागेचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा आणि वायर शक्य तितकी आखूड ठेवून बोल्ट घट्ट आवळा.

सगळं जोडून तुमच्या चांगल्या ओळखीचं गाणं लावा आणि व्हॉल्यूम एकेक घर वाढवा. जिथे आवाज पहिल्यांदा चिरकेल तो आकडा लक्षात ठेवा आणि यापुढे त्याच्या दोन घरं खालीच थांबा.