नवा लॅपटॉप, विंडोज ११ आणि आमच्या गावची लाइन

दारव्ह्याहून आत आलं की आमचं गाव. एसटी थांब्यासमोर माझं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोट्ट्यांचे परीक्षेचे फॉर्म, सगळं इथंच. जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १० होतं. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्या डब्यात टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नसल्यानं ११ काही चढेना. म्हणून सोयाबीनचे पैसे आले तसा लॅपटॉप घेतला.

नवं मशीन आलं की लोक आधी वॉलपेपर बदलतात. मीही गजानन महाराजांचा फोटो लावला, दोन मिनिटांचं काम. पण आपल्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं. त्या हिशेबानं काय बदलायचं ते सांगते.

सगळ्यात आधी हायबरनेट. स्लीपमध्ये मशीन थोडी थोडी बॅटरी खात राहतं. हायबरनेटमध्ये उघडी कामं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, आणि लाइन आल्यावर अर्धा भरलेला फॉर्म तिथंच सापडतो (साइटचं लॉगिन मात्र संपलेलं असतं, त्याला इलाज नाही). हे बटण पॉवर मेनूत बहुतेक वेळा दिसतच नाही. जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ वर जा. खालच्या चौकटी फिक्या दिसतील, दाबल्या जाणार नाहीत. वर निळ्या अक्षरांत ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ असं असतं, ते दाबलं की चौकटी जिवंत होतात. हायबरनेटवर टिक करा, सेव्ह करा. त्याच पानावर ‘झाकण बंद केल्यावर काय’ हेही ठरवता येतं. मी बॅटरीसाठी तिथं हायबरनेटच ठेवलंय. लाइन गेली की झाकण लावते आणि चहा मांडते.

मग डेटा. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत माझा दिवसाचा डेटा संपला आणि रांगेतले काकाजी म्हणाले, “काऊन बाई, मशीन नवं घेतलं अन् काम बंद पडून राहिलं?” चूक माझीच होती. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं वायफाय, मग जोडलेल्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करायचं असतं. तसं केलं की बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत. ही खूण प्रत्येक नेटवर्कला वेगळी लावावी लागते. भावाच्या फोनवरून हॉटस्पॉट घेतला तर तिथं पुन्हा लावा. अपडेट कायमचे टाळू नका मात्र. मी महिन्यातून एकदा यवतमाळला बहिणीकडे जाते, तिच्या फायबरवर सगळे उतरवून आणते. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ असतं, तेही बंद करा, नाहीतर तुमच्या मशीनवरून दुसऱ्यांना अपडेट पाठवले जाऊ शकतात. तिथंच ‘ॲक्टिव्ह अवर्स’ आहेत, म्हणजे त्या वेळेत अपडेटसाठी मशीन आपोआप रीस्टार्ट होत नाही. जास्तीत जास्त १८ तास देता येतात. मी सकाळी ६ ते रात्री ११ दिलेत.

वनड्राइव्हचंही (मायक्रोसॉफ्टची फाइली ऑनलाइन ठेवायची जागा) पाहून घ्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप चालू असेल तर तिथं ठेवलेली प्रत्येक स्कॅन नेटवरून वर चढते, आणि फुकटची जागा ५ जीबीच. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज बॅकअप’ मधून थांबवता येतं. थांबवल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून ओढून आणायच्या.

मराठीसाठी टाइम अँड लँग्वेजमध्ये मराठी भाषा जोडा. इनस्क्रिप्ट (प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेलं बटण) आणि फोनेटिक (इंग्रजी उच्चारावरून मराठी) असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. जो वापरत नाही तो काढून टाका, नाहीतर विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलताना तीन-तीन पर्याय फिरत बसतात. इनस्क्रिप्टवाल्यांना एक सांगते. ‘शेतकऱ्याचे’ मधला ऱ लोक कसाबसा र जोडून काढतात. शिफ्ट धरून इंग्रजी J दाबा, मग D, मग तिरकी रेघ (/) म्हणजे य, मग E म्हणजे काना. झालं ‘ऱ्या’.

त्याच पानावर ‘रीजनल फॉरमॅट’ इंग्लिश (इंडिया) आहे ना, ते तपासा. पहिल्या सेटअपच्या वेळी मी नेक्स्ट-नेक्स्ट दाबत गेले आणि देश अमेरिकाच राहिला. एक्सेलमध्ये ३/७ टाकलं की ३ जुलैचं ७ मार्च होई. भारत केल्यावर तारीख जागेवर आली आणि १,२५,००० चे स्वल्पविरामही.

दोन प्रिंटर असतील तर हे वाचाच. माझ्याकडे एक लेझर, एक फोटोचा. ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ चालू असलं की शेवटचा वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो. पासपोर्ट फोटो काढले आणि त्यामागून एका मामाजींचा सातबारा चकचकीत फोटो पेपरवर निघाला. मामाजी खूश झाले, म्हणे फ्रेम करतो. कागद माझा गेला. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जाऊन ते बंद करा आणि लेझर डिफॉल्ट ठेवा.

विंडोज आणि व्ही दाबून क्लिपबोर्ड हिस्टरी चालू करा. शेवटच्या कॉपी केलेल्या २५ गोष्टी लक्षात राहतात. गावाचं नाव, पिनकोड, बँकेचा आयएफएससी मी पिन करून ठेवलेत, दर फॉर्मला टायपिंग वाचतं. पण त्याच यादीत लोकांचे आधार नंबरही साठतात. ते कधीच पिन करायचे नाहीत, ही यादी आपल्या दुसऱ्या मशीनवर पाठवणारं सिंक बंद ठेवायचं, आणि मी तर प्रत्येक गिऱ्हाईक उठलं की ‘क्लिअर ऑल’ दाबते. पिन केलेलं त्यानं जात नाही.

फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’, म्हणजे फाइलच्या नावामागची .pdf, .exe अशी शेपटी, दाखवा. पोट्टे पेन ड्राइव्ह घेऊन येतात, त्यात ‘मार्कशीट पीडीएफ’ नावाची फाइल खरंतर ईएक्सई, म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्राम, अगदी व्हायरसही असू शकते. शेपटी दिसली तरच कळतं.

स्टार्ट बटण मध्यभागी आवडत नसेल तर टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, बिहेव्हिअर्स, अलाइनमेंट लेफ्ट. मला महिनाभर चिडचिड झाली, मग डावीकडे आणलं. आता शाळेतले सर येऊन बसले की त्यांना मधलंच बरं वाटतं म्हणे.