खेळण्यांवर बेतलेली कार्टून मालिका मुलांना कशी दाखवावी

‘ही-मॅन’ ही मालिका १९८३ साली आली, परंतु मॅटेल कंपनीच्या त्याच नावाच्या बाहुल्या १९८२ पासूनच दुकानांत होत्या; हा क्रम मुलांना आधीच सांगावा. एका बैठकीत एकच भाग लावावा. खर्च वाचवण्यासाठी फिल्मेशन स्टुडिओने ठरावीक दृश्ये पुनःपुन्हा वापरल्यामुळे, धावण्याचे तेच चित्र पुन्हा दिसताच टाळी वाजवण्याचा खेळ मुलांबरोबर खेळावा (मोठ्यांनाही तो आवडतो). जुनी बाहुली घरात असल्यास तिची कंबर पिळून सोडून दाखवावी. आतल्या स्प्रिंगमुळे ती ठोसा मारते. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात मात्र त्याच संध्याकाळी मुलांना नेऊ नये. आठवडाभरानंतरही हट्ट कायम राहिला, तरच एखादी बाहुली घ्यावी.