जुन्या २एन३०५५ अॅम्प्लिफायर किटची जोडणी आणि दुरुस्ती: या चुका टाळा

दोन २एन३०५५ पॉवर ट्रान्झिस्टर, त्यांना चालवणारे सीएल१०० आणि सीके१०० हे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, एक मोठा आउटपुट कंडेन्सर आणि तपकिरी हायलमचा (रेझिनने घट्ट केलेल्या पत्र्याचा) बोर्ड. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत ज्यांनी सुटे पार्ट घेतले आहेत, त्यांना हे किट ओळखीचं आहे. आजही कपाटातून असे बोर्ड निघतात आणि नीट जोडले तर फार गोड वाजतात.

सर्किट साधं आहे, पण त्यातली एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. पहिल्या ट्रान्झिस्टरपासून आउटपुटपर्यंत सगळे एकमेकांना थेट जोडलेले असतात, मध्ये कुठेही कंडेन्सर नाही. म्हणून वीस पैशांचा डायोड ओपन झाला (आतून तुटला) तरी दोन्ही २एन३०५५ जातात, आणि जाताना ड्रायव्हरलाही नेतात. यातलं बहुतेक नुकसान स्विच ऑन केल्यावरच्या पहिल्या दोन सेकंदांत होतं. त्यामुळे खाली दिलेल्या बऱ्याच गोष्टी त्या दोन सेकंदांच्या आधी तपासायच्या आहेत.

ट्रान्सफॉर्मर आणि डायोड: व्होल्टेज दुप्पट होतं ते इथे

१२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर दोन प्रकारे जोडता येतो. मधली तार ग्राउंडला आणि दोन टोकांना दोनच डायोड लावले, तर १२ गुणिले १.४१, वजा डायोडचे ०.७, म्हणजे साधारण १६ व्होल्ट डीसी मिळतात. मधली तार मोकळी सोडून दोन टोकांना चार डायोडचा ब्रिज लावला, तर तोच ट्रान्सफॉर्मर ३२ व्होल्टच्या वर देतो. १२-०-१२ च्या बाबतीत ही गफलत कदाचित निभावून जाते. २४-०-२४ च्या दोन टोकांना ब्रिज लावला की ६६ व्होल्ट होतात, आणि २एन३०५५ ची कलेक्टर-एमिटर मर्यादा ६० व्होल्ट आहे. ५० व्होल्टचा फिल्टर कंडेन्सर तर त्याआधीच फुगतो.

सिंगल सप्लायच्या (एकाच प्लस व्होल्टेजवर चालणाऱ्या) स्टिरिओ किटला २४ व्होल्ट, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज पुरतो. लोडवर ३२-३३ व्होल्ट मिळतात आणि ८ ओहमच्या स्पीकरवर प्रत्येक चॅनलला खरे १० ते १२ वॅट निघतात. पाकिटावर ६० किंवा १०० वॅट छापलेलं असलं तरी ३३ व्होल्टमध्ये ते बसत नाही.

फिल्टर कंडेन्सरसाठी ३५ व्होल्टचा घेऊ नका. लोड नसताना ट्रान्सफॉर्मर दहा टक्के जास्त देतो, रात्री मेन्स २५० पर्यंत चढली तर तेच डीसी ४० च्या जवळ जातं. ४७०० मायक्रोफॅरॅड, ५० व्होल्ट हे किमान. ६३ व्होल्ट मिळाला तर उत्तम.

पायांची अदलाबदल

बीसी५४८ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानात तो नाही म्हणून २एन३९०४ दिला, तर त्याचा क्रम बरोबर उलटा: एमिटर, बेस, कलेक्टर. सी१८१५ मध्ये एमिटर, कलेक्टर, बेस. तिन्ही दिसायला सारखे, तिन्ही एनपीएन जातीचे (पीएनपी ही उलट ध्रुवतेची जात). बोर्डवर छापलेला अर्धगोल पाहून लावले की चूक झालीच. सीएल१०० आणि सीके१०० मध्ये एमिटर टोपीच्या बाहेर आलेल्या जिभेजवळ असतो आणि कलेक्टर धातूच्या टोपीला जोडलेला असतो. म्हणून शेजारच्या दोन टोप्या एकमेकींना लागल्या, किंवा टोपी हीट सिंकच्या कडेला टेकली, की शॉर्ट. चिमट्यासारखी छोटी हीट सिंक लावताना हे हमखास होतं.

२एन३०५५ चं धातूचं अंग म्हणजे कलेक्टर. उरलेल्या दोन पायांत बेस कोणता हे आकृतीवरून ठरवू नका, कारण आकृती वरून काढलेली आहे की खालून यातच घोळ होतो. मीटर डायोडवर ठेवा. लाल प्रोब ज्या पायाला लावल्यावर अंगाकडेही ०.५ ते ०.६ दिसतं आणि दुसऱ्या पायाकडेही दिसतं, तो बेस.

कंडेन्सरचं उलट-सुलटही इथेच बघून घ्या. आउटपुट कंडेन्सरचं प्लस टोक दोन २एन३०५५ च्या मधल्या जोडाकडे, मायनस स्पीकरकडे. उलटा लागला तर काही मिनिटांत गरम होऊन फुटतो.

मायका, बुश आणि हीट सिंक

२एन३०५५ चं अंग म्हणजे कलेक्टर, ते हीट सिंकला थेट लागू नये म्हणून मध्ये मायकाचा पातळ पत्रा आणि स्क्रूभोवती नायलॉनचा बुश असतो. हीट सिंकला भोकं पाडल्यावर कडेला बारीक काटा उभा राहतो. तो बोटाला जेमतेम जाणवतो, पण स्क्रू आवळला की मायकातून आरपार जातो. भोकापेक्षा मोठं ड्रिल हाताने फिरवून दोन्ही बाजूंची कड साफ करा, मग पृष्ठभागावरून नख फिरवा. नख अडकता कामा नये.

हीट सिंक पेस्ट मायकाच्या दोन्ही बाजूंना लावायची, पण इतकी पातळ की खालचा धातू दिसला पाहिजे. ती पेस्ट धातू-धातूमधल्या सूक्ष्म फटी भरण्यासाठी आहे. जाड थर दिला तर तोच उष्णता अडवतो. दोन्ही स्क्रू थोडे थोडे, आलटूनपालटून आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर ट्रान्झिस्टरचा तळ एका बाजूने उचललेला राहतो आणि तो तासाभराने मरतो. मग दोष ट्रान्झिस्टरला दिला जातो.

बसवून झाल्यावर, वायरिंगच्या आधी, अंग आणि हीट सिंक यांच्यामध्ये मीटर लावा. सर्वात वरच्या रेंजवरही ओपनच दिसलं पाहिजे. काही मेगओहम दिसत असतील तर मायकाला तडा आहे किंवा नायलॉन बुश कापला गेला आहे.

नकली २एन३०५५

मूळ २एन३०५५ ला १५ अँपिअर आणि ११५ वॅटचं रेटिंग आहे. बाजारात त्याच टोपीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालून विकलेले ट्रान्झिस्टर सर्रास मिळतात. मीटरवर ते ठणठणीत दिसतात, म्हणून मीटरवर विसंबू नका. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या. १२ व्होल्टचा प्लस बल्बमधून कलेक्टरला, एमिटर मायनसला, आणि प्लसपासून बेसला १२० ओहम २ वॅटचा रेझिस्टर. बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटला पाहिजे आणि कलेक्टर-एमिटरमध्ये १ व्होल्टपेक्षा कमी मोजलं गेलं पाहिजे. बल्ब मंद राहिला, किंवा दीड-दोन व्होल्ट दिसले, तर तो नग परत करा. एका लॉटचे दहा घेतले असतील तर त्यातला एक कापून चिप बघणं सर्वात खात्रीचं, आणि तो खर्च वाया जात नाही.

खऱ्या नगांतही एक खाच आहे. सुरुवातीचे २एन३०५५ संथ होते, त्यांची फ्रिक्वेन्सीची सीमा १ मेगाहर्ट्झच्याही खाली होती. आजचे एपिटॅक्सियल (सिलिकॉनचा थर वाढवण्याच्या) पद्धतीने बनतात आणि २.५ मेगाहर्ट्झच्या पुढे चालतात. जुनं सर्किट संथ ट्रान्झिस्टर गृहीत धरून आखलेलं असतं, त्यात वेगवान नग घातला की ते ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर आपोआप डोलायला (ऑसिलेट व्हायला) लागतं. खूण अशी: गाणं बंद असतानाही हीट सिंक तापते, आणि आउटपुटवरचा १० ओहमचा रेझिस्टर काळा पडतो. त्या रेझिस्टरबरोबर ०.१ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर सिरीजमध्ये असतोच. पुष्कळ स्वस्त किटमध्ये ही जोडी गाळलेली असते, ती आधी लावा. तरीही डोलणं थांबलं नाही, तर ड्रायव्हरच्या आधीच्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-बेसमध्ये ४७ ते १०० पिकोफॅरॅडचा सिरॅमिक कंडेन्सर, पाय अगदी आखूड ठेवून, जोडा.

बायस: सर्वात जास्त ट्रान्झिस्टर इथे जळतात

बायस म्हणजे गाणं नसतानाही ट्रान्झिस्टर किंचित चालू ठेवणारं बेसचं व्होल्टेज. दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर एकाच जातीचे (इथे एनपीएन) असलेली ही रचना एच. सी. लिन यांनी १९५६ मध्ये मांडली, कारण तेव्हा जोडीचा उलट जातीचा पॉवर ट्रान्झिस्टर सहज मिळत नव्हता. वरच्या बाजूला सीएल१०० आणि २एन३०५५ असे दोन बेस-एमिटर जोड लागतात, खालच्या बाजूला फक्त सीके१०० चा एक. म्हणजे एकूण तीन, साधारण १.८ व्होल्ट. हे व्होल्टेज बायसचे डायोड देतात, एका जोडाला एक. बोर्डवर दोनच डायोड असतील तर हळू आवाजात गाणं घोगरं, फाटल्यासारखं येतं आणि आवाज वाढवला की सुधारतं. हीच क्रॉसओव्हर डिस्टॉर्शनची ओळख. इथे स्पीकर बदलून काही होत नाही, तिसरा डायोड लावा.

जर्मेनियम एसी१८७ आणि एसी१८८ चा जुना बोर्ड सिलिकॉन ट्रान्झिस्टर लावून दुरुस्त केला तरी हेच होतं. जर्मेनियमला बेस-एमिटरमध्ये ०.२ व्होल्टच्या आसपास पुरतात, सिलिकॉनला ०.६. बायसचं जाळं न बदलता नुसते ट्रान्झिस्टर बदलून चालत नाही.

डायोडच्या ऐवजी किंवा जोडीला प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर) असेल तर तो कुठे आहे हे नीट बघा. जुन्या प्रीसेटचा घासणारा काटा धुळीने सुटतो. प्रीसेट डायोडच्या सिरीजमध्ये असेल आणि काटा सुटला, तर बायस एकदम वर जातं आणि दोन्ही २एन३०५५ पूर्ण चालू होतात. म्हणून काट्याचा पाय प्रीसेटच्या एका टोकाला जोडून ठेवा, आणि प्रीसेटला समांतर एक पक्का रेझिस्टर लावा, म्हणजे सर्वात वाईट परिस्थितीतही व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे जाणार नाही. बायससाठी ट्रान्झिस्टर वापरला असेल तर प्रीसेट बेस आणि एमिटरच्या मध्ये हवा. तिथे काटा सुटला तर बायस कमी होतं, आवाज खराब येतो, पण काही जळत नाही. कलेक्टर-बेसमध्ये ठेवलेला प्रीसेट नेमका उलटा वागतो.

सेट करताना प्रीसेट कमीत कमी बायसवर ठेवून सुरुवात करा. इनपुट शॉर्ट, स्पीकर काढलेला. वरच्या एमिटरच्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजा: ५ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे २३ मिलीअँपिअर, एवढं पुरे. रेझिस्टर ०.४७ ओहमचा असेल तर तेच १०-११ मिलिव्होल्ट. वीस मिनिटं तापू द्या, पुन्हा मोजा. आकडा चढतच जात असेल तर बायसचे डायोड हीट सिंकला टेकलेले नाहीत. ते हवेत लोंबकळत ठेवणं ही या किटमधली फार जुनी चूक आहे.

पहिल्यांदा ऑन करताना

मेन्सच्या फेजमध्ये ६० वॅटचा साधा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये टाका. एलईडी बल्ब चालत नाही. तार तापली की तिचा रोध वाढतो, यावरच सगळी युक्ती आहे. ऑन केल्यावर बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर फिल्टर कंडेन्सर भरला, ठीक. तसाच भगभगत राहिला तर शॉर्ट आहे, लगेच बंद करा आणि ट्रान्झिस्टर वाचले म्हणून समाधान माना. बायसचं शेवटचं माप मात्र बल्ब काढून, पूर्ण मेन्सवर घ्यायचं.

मग दोन २एन३०५५ च्या मधल्या जोडावर व्होल्टेज बघा. सप्लाय ३३ असेल तर तिथे १६ ते १७ हवेत. ३० च्या पुढे असेल तर वरचा भाग शॉर्ट आहे किंवा खालचा चालूच नाही. शून्याजवळ असेल तर उलट. हे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. नंतर स्पीकरच्या जागी ८ ओहम १० वॅटचा रेझिस्टर लावून त्यावर डीसी मोजा. सुरुवातीच्या धक्क्यानंतर तिथे शून्य यायला हवं. काही व्होल्ट उरत असतील तर आउटपुट कंडेन्सर गळतो आहे आणि तो स्पीकरची कॉइल जाळेल. ऑन करताना येणारा एक ‘धप्प’ आवाज मात्र या रचनेत नैसर्गिक आहे.

जळलेला बोर्ड दुरुस्त करताना

फक्त २एन३०५५ बदलून ऑन करणं म्हणजे नवीन जोडी जाळणं. आधी दोन्ही ड्रायव्हर, ०.२२ चे रेझिस्टर, बायसचे डायोड आणि बेस-एमिटरवरचे १०० ओहम, सगळे तपासा. मोजताना एक फसगत होते: २एन३०५५ च्या बेस-एमिटरला समांतर १०० ओहम असतो, त्यामुळे डायोड रेंजवर ०.६ च्या जागी ०.१ दिसतं आणि ट्रान्झिस्टर शॉर्ट वाटतो. बेसची तार सोडवून मोजा.

पंधरा-वीस वर्षं पडून राहिलेला फिल्टर कंडेन्सर एकदम पूर्ण व्होल्टेजवर आणू नका. ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून तासभर सप्लाय द्या आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज उतरताना पाहा. ते दोन-तीन व्होल्टच्या खाली येत नसेल तर बदलूनच टाका. डिस्चार्ज स्क्रूड्रायव्हरने नाही, १०० ओहम ५ वॅटने करायचा. हायलमच्या बोर्डवर २५ वॅटचा आयर्न आणि राळेचा सोल्डर वापरा. आम्लाची पेस्ट लावली तर वर्षभरात ट्रॅक हिरवे पडतात, आणि जास्त वेळ आयर्न टेकवला तर ट्रॅक उचलून येतो.

घुमणं

स्पीकरमधून सतत घुमण्याचा (हम) आवाज येत असेल, तर आधी तो ओळखा. इनपुट शॉर्ट केल्यावर घरघर गेली तर दोष इनपुटच्या वायरिंगमध्ये आहे. शील्ड वायर एकाच टोकाला ग्राउंड करा आणि इनपुट सॉकेट चेसिसपासून वेगळा ठेवा. शॉर्ट करूनही खरखरीत १०० हर्ट्झ राहिला, तर ग्राउंडच्या जागा चुकल्या आहेत. ब्रिजकडून येणारी मायनस फिल्टर कंडेन्सरच्या मायनसवर संपू द्या, आणि बोर्डची ग्राउंड, स्पीकरची परत येणारी तार, इनपुटची ग्राउंड या तिन्ही वेगवेगळ्या तारांनी त्याच एका टोकावर आणा. स्पीकरची परत तार बोर्डवरच्या इनपुट ग्राउंडला जोडलेली असेल, तर प्रत्येक ठोक्याचा करंट इनपुटच्या ट्रॅकमधून वाहतो. चेसिसला अर्थिंगची हिरवी तार पक्की हवी, आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत १ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज.