डिप्रेशनची जुनी गोळी : चालू असताना आणि बंद करताना

लोणंदला माझं औषधाचं दुकान आहे. डिप्रेशनसाठी आता नव्या गोळ्या जास्त लिहिल्या जातात, तरी अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, नॉरट्रिप्टिलिन, क्लोमिप्रामिन, डोसुलेपिन ही जुनी नावं चिठ्ठ्यांवर अजून येतात. स्वित्झर्लंडमधल्या रोलँड कून या डॉक्टरांनी 1957 साली इमिप्रामिनचा नैराश्यावरचा गुण जगापुढे मांडला, चारेक वर्षांत अमिट्रिप्टिलिन आलं, आणि तेव्हापासून या गोळ्यांनी असंख्य माणसांना उठवून उभं केलंय. त्या स्वस्त आहेत आणि लागू पडतात. त्यांना घाबरून राहावं म्हणून मी हे लिहीत नाही. पण लोक त्या ज्या तऱ्हेने एका दिवसात सोडून देतात, ते बघून जीव तुटतो.

सगळ्यात आधी स्ट्रिप उलटी करा आणि कंपनीच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा. दिसत नसतील तर नातवाला वाचायला सांगा, नाहीतर दुकानात या. आपण या गटातली गोळी घेतोय हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. साखरेमुळे पायांची आग होते म्हणून कुणाला 'नसांची गोळी' दिलेली असते, कुणाला अर्धशिशीसाठी 10 मिलिग्रॅमची, कुणाच्या मुलाला अंथरुणात लघवी होते म्हणून इमिप्रामिन. नॉरट्रिप्टिलिन तर अनेकदा गॅबापेंटिन किंवा प्रिगॅबॅलिनबरोबर एकाच गोळीत असतं.

अमिट्रिप्टिलिनच्या शेजारी 'क्लोरडायझेपॉक्साइड' हा शब्द दिसला, तर तो कागदावर लिहून ठेवा. ही जोडगोळी आपल्याकडे खूप चालते. त्यातलं दुसरं औषध डिप्रेशनचं नाही, ते घबराट कमी करणारं, झोप आणणारं आहे, आणि त्याची सवय खरोखर लागते. काही महिन्यांनी तेवढ्याच डोसने भागेनासं होतं, माणूस स्वतःच्या मनाने अर्धी जास्त घ्यायला लागतो. ती एकदम थांबवली तर हातपाय थरथरतात, जीव कासावीस होतो, कधी फिटही येते. नुसत्या अमिट्रिप्टिलिनचं तसं नाही. त्याची तलफ येत नाही, डोस आपोआप चढत जात नाही. मात्र शरीर त्याच्याशी जुळवून घेतं, आणि ते काढून घेतलं की शरीराला पुन्हा जुळवून घ्यायला वेळ लागतो. डॉक्टर दोन्ही औषधं वेगवेगळ्या वेगाने कमी करतात, त्यासाठी कधी जोडगोळीऐवजी सुट्या गोळ्या लिहून देतात. म्हणून आपल्या पाकिटात नेमकं काय आहे ते माहीत हवं.

आता त्रासांबद्दल. या गोळ्या मेंदूतली सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही द्रव्यं टिकवून धरतात, तो त्यांचा कामाचा भाग. पण त्याबरोबर त्या अॅसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याचाही रस्ता अडवतात. म्हणून तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही, जवळचं धूसर दिसतं, लघवीची धार बारीक होते. गुंगी आणि वजन वाढणं हे हिस्टामिन अडवल्यामुळे. आणि उठताना रक्तदाब घसरून घेरी येते, ती मला सगळ्यात धोक्याची वाटते. रात्री लघवीला उठलेला म्हातारा माणूस अंगणात पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. त्याला आधीच रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर घेरी आणखी वाढते. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडून मिनिटभर बसा, मग भिंतीला धरून उभे राहा. घरात दिवा लावून ठेवा.

तोंड कोरडं पडतं म्हणून दिवसभर गोड गोळ्या चघळू नका. लाळ कमी असली की दात लवकर किडतात. पाण्याचा घोट घ्या, थोडी बडीशेप चघळा. पोटासाठी रात्री ईसबगोल आणि त्यावर भरपूर पाणी. सकाळी डोकं जड राहत असेल तर गोळी झोपताना घेण्याऐवजी संध्याकाळी लवकर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. पहिले दोन आठवडे मोटारसायकल आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती द्या. दारू नकोच. सर्दीच्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्याने कोरड आणि गुंगी दोन्ही वाढतात. अंगदुखीसाठी ट्रामाडॉल घेणार असाल तर आधी सांगा, कारण दोन्ही मिळून फिट येण्याचा धोका वाढतो.

काचबिंदू, प्रोस्टेट, हृदयविकार, पूर्वी आलेली फिट यातलं काही असेल तर गोळी सुरू होण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. उतारवयात किंवा हृदयाचा त्रास असेल तर ईसीजी काढून घ्यायला सांगतात, ते टाळू नका. आणि या गोळ्या जास्त प्रमाणात पोटात गेल्या तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. घरात लहान मूल असेल किंवा जगणं नकोसं झालंय असं बोलणारं कुणी असेल, तर एकावेळी आठवड्यापुरत्याच गोळ्या न्या आणि त्या दुसऱ्या कुणाच्या कुलपात ठेवा. चुकून जास्त गेल्या, तर माणूस ठीक दिसत असला तरी 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठा.

गोळीने झोप दोन-चार दिवसांत सुधारते, मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात. ते पुन्हापुन्हा येत असेल तर दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त. नेमक्या याच काळात लोक ती सोडतात. बरं वाटतं, मग कशाला घ्यायची? श्रावण येतो, उपास येतात, ऊसतोडीला जायचं असतं.

एका वर्षी माउलींची पालखी लोणंदला असताना एक वारकरी मावशी दुकानात आल्या. उलट्या, पोटात मुरडा, अंगाला घाम, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि लागलीच झोप तर भलतीसलती स्वप्नं. बरोबरच्या बायका म्हणत होत्या, पाणी बाधलं. मी विचारलं, घरी कुठली गोळी चालू असते का? चालू होती, दोन वर्षं, रोज रात्री 75 मिलिग्रॅम. माउलींचं नाव घेत चालायचं तर गोळी कशाला, म्हणून आळंदीला निघताना घरीच ठेवलेली. म्हणजे आठवडा झाला होता. त्यांना मी पालखीबरोबरच्या वैद्यकीय पथकाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

मावशींना जे झालं ते गोळीच्या दुष्परिणामांच्या बरोबर उलट होतं. इतके दिवस अडवलेलं अॅसिटिलकोलीन एकदम मोकळं होतं. कोरड्या तोंडाला लाळ सुटते, बांधलेलं पोट सैल होतं, मळमळतं, घाम फुटतो, डोकं दुखतं, फ्लू झाल्यासारखं अंग मोडून येतं, चिडचिड होते. बहुतेकांना हे गोळी थांबवल्यावर काही दिवसांत सुरू होतं आणि एक-दोन आठवड्यांत ओसरतं. फार वर्षं घेणाऱ्यांना जास्त काळ पुरतं.

मग आजारच उलटलाय की हा सोडण्याचा त्रास, हे कसं ओळखायचं? तारखा बघा. सोडण्याचा त्रास लवकर येतो, त्यात पोट, घाम, झोप अशा शरीराच्या तक्रारी पुढे असतात, आणि गोळी परत दिली की एक-दोन दिवसांत उतरतो. आजार परततो तो बहुधा सावकाश, आठवड्यांनी-महिन्यांनी: आधी कशात रस वाटेनासा होतो, पहाटे लवकर जाग येते, मन काळवंडत जातं. पुष्कळ माणसं पहिल्या प्रकाराला दुसरा समजतात आणि जन्मभर गोळीला बांधले गेलो असं मानून बसतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सावकाश उतरलं असतं तर त्यांची गोळी सुटलीही असती.

तेव्हा सोडायची असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि बरा काळ निवडा. घरात लग्न, परीक्षा, सुगी, कुणाचं आजारपण असताना नको. डॉक्टर साधारण 75 वरून 50, मग 25, मग 10, मग बंद अशा पायऱ्या आखतात. प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे, वर्षानुवर्षांची गोळी असेल तर त्याहून सावकाश. शेवटच्या पायऱ्या लहान हव्यात. कमी डोसवरचे थोडे मिलिग्रॅमही मेंदूला मोठे असतात, त्यामुळे 25 वरून शून्यावर उडी मारणाऱ्यालाच बरेचदा त्रास होतो. एक दिवस घेतली, एक दिवस गाळली, असं नको. रक्तातलं प्रमाण वरखाली होतं आणि त्रास तुकड्यातुकड्याने भोगावा लागतो. गोळी ब्लेडने अर्धी करण्याआधी विचारा, वरचा थर काही गोळ्यांवर कामाचा असतो. कमी ताकदीच्या गोळ्या मिळतात, त्या लिहून घ्या.

कालनिर्णयच्या चौकटीत रोजचा डोस आणि एकच शब्द लिहा: झोप, उलटी, बरं. डॉक्टरांना पाच मिनिटांत सगळं कळतं. त्रास सोसवेना तर त्यांना विचारून एक पायरी मागे या, थांबा, पुन्हा उतरा. मूळ डोसवर परतायची गरज सहसा पडत नाही.

काही गोष्टींत मात्र वाट बघू नका. फिट, बेशुद्धी, छातीत धडधड, लघवी पूर्ण अडकणं, लाल होऊन दुखणारा डोळा, म्हाताऱ्या माणसाचं अचानक असंबद्ध बोलणं. गोळी थांबवल्यावर कुणी झोपेशिवाय ताजंतवानं फिरत असेल, पैसे उधळत असेल, तर तेही डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. मरणाचे विचार येत असतील तर सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत असे विचार वाढू शकतात, तेव्हा घरच्यांनी त्यांना एकटं सोडू नये.

शेवटची गोळी घेऊन झाली तरी पुढचे काही महिने डॉक्टरांकडे एक-दोन फेऱ्या घाला. उरलेल्या स्ट्रिपा दुकानात आणून द्या. झोप येत नाही म्हणणाऱ्या शेजारणीला त्यातली एकही देऊ नका; तिला काचबिंदू आहे की नाही हे तिलाही कदाचित माहीत नसेल.